मातीची परतफेड : सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे जीवन

भाजीच्या बियांचे पाकीट आपण कधी विकत आणले असेल, तर ‘पुसा रुबी’ टोमॅटो किंवा ‘पुसा सावनी’ भेंडी अशी नावे आपल्या नजरेखालून गेली असतील. हे पुसा म्हणजे बिहारमधील बूढी गंडक नदीकाठचे एक गाव. १९०५ साली तेथे सरकारी कृषी संशोधन संस्था उभी राहिली. हेन्री फिप्स या अमेरिकन उद्योजकाने त्यासाठी मोठी देणगी दिली होती. पुढे १९३४ च्या भूकंपात संस्थेची इमारत उद्ध्वस्त झाली आणि संस्था दिल्लीला हलवली गेली. जाताना ती गावाचे नावही सोबत घेऊन गेली, म्हणूनच आजही ते आपल्या बियांच्या पाकिटांवर दिसते.

आज आपण ज्यांची ओळख करून घेणार आहोत, ते अल्बर्ट हॉवर्ड याच पुसा येथे १९०५ साली नोकरीवर रुजू झाले. आपल्या घरामागे, गच्चीवर किंवा खिडकीत चार कुंड्या असतील आणि त्यांत आपण स्वयंपाकघरातील कचऱ्याचे खत घालत असाल, तर या माणसाचे काम आपल्यापर्यंत आधीच पोहोचलेले आहे. फक्त त्यांचे नाव पोहोचले नसेल, इतकेच.

शेतकऱ्याचा मुलगा

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कॅसल या लहानशा गावाजवळ झाला. वडील शेतकरी होते. गुरे, कुरणे आणि धान्याची शेते पाहतच मुलगा मोठा झाला. पुढे त्यांनी लंडनमध्ये आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात विज्ञानाचे शिक्षण घेतले. विद्यार्थी म्हणून ते हुशार होते आणि त्यांच्यापुढे प्रयोगशाळेतील प्रतिष्ठेची वाट मोकळी होती.

१८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस येथे गेले. ऊस आणि इतर पिकांवर पडणाऱ्या बुरशीचा अभ्यास करणे हे तेथील त्यांचे काम. सूक्ष्मदर्शकाखाली रोगट पान ठेवायचे, बुरशी ओळखायची, तिचे नाव लिहायचे आणि शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा. काही काळातच त्यांच्या मनाला एक गोष्ट टोचू लागली. सल्ला देणाऱ्या या माणसाकडे स्वतःची एक गुंठाही जमीन नव्हती. जो उपाय त्यांनी स्वतः कधी करून पाहिला नव्हता, तो ते दुसऱ्याला सांगत होते. बुरशी ज्याच्या अभ्यासाचा विषय, तो तिच्यापलीकडे पाहत नव्हता आणि कीटकांचा अभ्यासक कीटकापलीकडे पाहत नव्हता. पण ज्या झाडावर हे दोन्ही येत होते, ते अख्खे झाड कोणाच्याच टेबलावर नव्हते. ही टोचणी पुढे आयुष्यभर त्यांच्यासोबत राहिली.

१९०३ साली ते इंग्लंडला परतले आणि केंट परगण्यातील वाय येथील कृषी महाविद्यालयात हॉप्सच्या वेलींवर काम करू लागले. हॉप्स म्हणजे बिअरला कडवट चव देणाऱ्या फुलांची वेल. तिचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. बाजारात बी नसलेल्या फुलांना पसंती होती, म्हणून बागायतदार नर वेल उपटून टाकत. हॉवर्ड यांनी मादी वेलींना पराग मिळू दिले आणि काय होते ते पाहिले. पराग मिळालेली फुले लवकर पक्व झाली. शिवाय मावा आणि भुरी यांना ती अधिक चांगले तोंड देऊ शकली. सोय म्हणून निसर्गातील एखादी क्रिया वगळली तर तिची किंमत कुठेतरी दुसरीकडे मोजावी लागते, हे त्यांनी येथे प्रथम डोळ्यांनी पाहिले. हॉप्सचे परागीकरण वाऱ्याने होते. मधमाश्यांची पाळी पुढे भारतात येणार होती.

मुंबईतील विवाह

१९०५ साली हॉवर्ड यांची भारत सरकारचे आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी मुंबईत त्यांचा विवाह गॅब्रिएल मॅथेई यांच्याशी झाला.

येथे आपण थोडे थांबू या, कारण हॉवर्ड यांच्याविषयी लिहिताना बरेच जण गॅब्रिएल यांचा उल्लेख एका ओळीत उरकतात. त्या स्वतः उत्तम शास्त्रज्ञ होत्या. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात शिकल्या होत्या. झाडाचे पान प्रकाशात अन्न तयार करते त्या क्रियेवर तापमानाचा काय परिणाम होतो, यावरचे त्यांचे संशोधन वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात आजही मोजले जाते. ज्या काळात केंब्रिज विद्यापीठही स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला तयार नव्हते, त्या काळात त्या भारतात आल्या आणि पतीच्या बरोबरीने शेतात उभ्या राहिल्या. आधी पदाविना मदतनीस म्हणून आणि १९१३ पासून सरकारच्या दुसऱ्या आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून. पुसा आणि इंदूर येथील पंचवीस वर्षांतील जवळजवळ प्रत्येक मोठ्या निबंधावर दोघांची नावे आहेत. त्यातले कोणते वाक्य कोणाचे, हे वेगळे काढता येत नाही आणि काढायची गरजही नाही.

पुसा येथे हॉवर्ड यांनी पहिली मागणी केली ती जमिनीची. त्यांना सुमारे ७५ एकर जमीन मिळाली. बार्बाडोसची उणीव भरून निघाली. आता जे सांगायचे ते आधी स्वतः करून पाहता येणार होते.

सरकारला त्यांच्याकडून गव्हाचे सुधारित वाण हवे होते, आणि ते त्यांनी दिलेही. पुसा ४ आणि पुसा १२ हे हॉवर्ड दांपत्याचे गहू. त्यांपैकी पुसा १२ उत्तर भारतात फार मोठ्या क्षेत्रावर पसरला. एवढ्यावर समाधान मानले असते तरी त्यांची कारकीर्द यशस्वी ठरली असती. पण चांगले बी दमलेल्या मातीत पेरले तर काय उपयोग, हा प्रश्न त्यांना सोडेना.

गुरू कोण?

पुसाच्या आसपास छोट्या शेतकऱ्यांची शेते होती. हॉवर्ड तेथून जाता येता पाहत. त्या शेतकऱ्यांकडे औषधे नव्हती, फवारणीची यंत्रे नव्हती, विकतची खतेही नव्हती. तरीही त्यांच्या पिकांवर रोग आणि कीड फारशी दिसत नसे. सरकारी संस्थेच्या तज्ज्ञाने हे पाहून काय करायला हवे होते? बहुतेकांनी मान फिरवून पुढची वाट धरली असती. हॉवर्ड यांनी ठरवले की पुढची काही वर्षे या शेतकऱ्यांना आपले शिक्षक मानायचे. त्यांच्यासोबत आणखी एक शिक्षक त्यांनी निवडला, तो म्हणजे कीड. ज्या पिकावर कीड पडते, तेथे आपले काहीतरी चुकले आहे असे समजायचे. मग कीड मारायच्या मागे न लागता ती चूक शोधायची.

परदेशी राजवटीच्या अधिकाऱ्याने खेड्यातील शेतकऱ्यासमोर विद्यार्थी होऊन बसणे, तेही १९०५ नंतरच्या बिहारमध्ये, ही साधी गोष्ट नव्हे. तरी त्यांना संत बनवायचे कारण नाही. त्यांचा पगार, बंगला आणि अधिकार हे सारे त्याच राजवटीचे होते. पण शिकण्याची पात्रता ही वेगळी गोष्ट आहे आणि ती त्यांच्यात होती.

हे शिक्षण कशा प्रकारचे होते? शेतकरी गव्हात हरभरा मिसळून पेरत, ज्वारी बाजरीत तूर लावत. एकाच शेतात एकच पीक त्यांना मान्य नव्हते. द्विदल पिके जमिनीला काहीतरी परत देतात हे पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या हाताला माहीत होते. हॉवर्ड दांपत्याने याच्या मुळाशी जायचे ठरवले आणि ते अगदी शब्दशः केले. आंबा, पेरू, लिची, सीताफळ अशा झाडांच्या मुळांभोवतीची माती त्यांनी हळूहळू मोकळी केली आणि पाण्याच्या बारीक फवाऱ्याने धुऊन मुळे जशी होती तशी उघडी केली. वरच्या थरात पसरलेली मुळे आणि खोल पाण्याच्या पातळीकडे गेलेली मुळे, या दोघांचे काम ऋतूप्रमाणे आळीपाळीने चालते, असे त्यांना दिसले. आणखी एक गोष्ट ठळकपणे समोर आली. मुळांना पाणी लागते तितकीच हवाही लागते. जमीन चिकटून बसली, तिच्यातील हवा कोंडली, की झाड आजारी पडते. आपल्या कुंडीतील झाड भरपूर पाणी घालूनही का पिवळे पडते, याचे उत्तर बऱ्याचदा हेच असते.

आता त्यांच्या बैलांविषयी. पुसा येथे हॉवर्ड यांनी बैलांच्या काही जोड्या स्वतःच्या ताब्यात घेतल्या. त्यांचा गोठा, वैरण आणि देखभाल स्वतः ठरवली. निरोगी मातीत वाढलेली हिरवी वैरण त्यांना मिळत असे. शेजारच्या गोठ्यांत लाळ-खुरकुताची साथ आली, तेव्हा त्यांचे बैल आजारी गुरांच्या तोंडाला तोंड लावताना त्यांनी पाहिले आणि तरीही ते बैल आजारी पडले नाहीत. या अनुभवाचा त्यांच्या विचारांवर फार खोल परिणाम झाला. पण येथे आपण विवेक ठेवू या. थोड्या बैलांचे हे निरीक्षण होते, काटेकोर चाचणी नव्हती. आपल्या घरी गुरे असतील तर लाळ-खुरकुताची लस वेळेवर द्यायलाच हवी.

ताग आणि भुंगा

हॉवर्ड दांपत्याच्या कामातील जो भाग मला सर्वांत जवळचा वाटतो, त्याची चर्चा फार कमी होते. तो आहे परागीकरणाचा.

गव्हाचे शुद्ध वाण टिकवायचे तर शेजारच्या वाणाचे पराग त्यात येतात का, हे आधी कळायला हवे. म्हणून त्यांनी एकेक भारतीय पीक घेऊन तपासायला सुरुवात केली. काही झाडे जाळीखाली झाकायची, काही उघडी ठेवायची आणि कोणाला किती बी धरते ते मोजायचे. पुढच्या पिढीत मिसळ दिसते का तेही पाहायचे. १९१० साली या कामावरचा त्यांचा मोठा निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर हॉवर्ड पतिपत्नींसोबत तिसरे नाव आहे अब्दुर रहमान खान या त्यांच्या सहकाऱ्याचे. नंतरही तिघांनी मिळून या विषयावर आणखी लिहिले.

त्यात तागाची गोष्ट आहे. ताग आपल्याला दोरासाठी आणि हिरवळीच्या खतासाठी माहीत आहे. पेरायचा, कंबरेएवढा झाला की जमिनीत गाडायचा. त्याची पिवळी फुले मोठी देखणी असतात. प्रत्येक फुलात पराग असतात, स्त्रीकेसरही असतो, म्हणजे बी धरायला आवश्यक ते सर्व त्याच्या घरातच आहे. तरीही झाकलेल्या तागाला बी धरेना. स्त्रीकेसराच्या टोकाला कोणाचा तरी स्पर्श व्हावा लागतो, फुलावर मधमाशी किंवा भुंगा येऊन बसावा लागतो, तेव्हाच ते टोक पराग स्वीकारायला तयार होते. सर्व काही स्वतःजवळ असूनही पाहुणा आल्याशिवाय तागाचे काम अडून राहते.

म्हणजे पाहा, जे झाड जमिनीला समृद्ध करते, त्याचे बी पुढच्या वर्षासाठी हवे असेल तर भुंगा हवा. माती आणि मधमाशी हे दोन वेगळे विषय म्हणून आपण शिकतो, पण तागाला ते वेगळे आहेत असे कोणी सांगितलेले नाही.

आपल्या परसबागेत हे कसे दिसते? दुधी, भोपळा, कारले, दोडका, काकडी या वेलींवर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीच दिसते. ते पिवळे पडून गळाले की आपण खताचा किंवा पाण्याचा दोष काढतो, पण पुष्कळदा तेथे मधमाशी पोहोचलेली नसते. अशा वेळी सकाळी फुले उमललेली असताना औषध फवारले, तर जिची वाट पाहतो आहोत तिलाच आपण परत पाठवतो. त्याऐवजी वेलीजवळ तुळस राहू द्यावी, तिच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नयेत. थोडी कोथिंबीर, थोडी मेथी, एखादा मुळा उपटायचे सोडून फुलावर येऊ द्यावा. जागा असेल तर एका कोपऱ्यात मूठभर ताग पेरावा. आणि सगळी जमीन फरशीने किंवा प्लास्टिकने झाकू नये, कारण कित्येक रानमाश्या उघड्या मातीतच बीळ करून राहतात.

इंदूर

१९१८ च्या सुमारास हॉवर्ड यांच्या मनात पुढचे चित्र स्पष्ट झाले होते. पीक, माती, पाणी, गुरे आणि माणूस यांचा एकत्र अभ्यास करणारी संस्था हवी. पण पुसा येथे प्रत्येक विभाग स्वतःच्या कुंपणात होता. वनस्पतिशास्त्रज्ञाने खताच्या प्रांतात किंवा गुरांच्या प्रांतात शिरलेले इतरांना चालणार नव्हते. वाद झाले. हॉवर्ड यांची जीभ तिखट होती आणि त्यांनी शत्रूही कमी केले नाहीत. शेवटी या जोडप्याने स्वतःची संस्था उभारायचा निर्णय घेतला. कापसाच्या अखिल भारतीय समितीने पैसा दिला, मध्य भारतातील संस्थानांनी वर्गणी दिली आणि होळकरांच्या इंदूर दरबाराने ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. १९२४ साली हॉवर्ड त्या संस्थेचे संचालक झाले. इंदूरला राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती जागा बाहेरून पाहिली असेल.

जमीन काळी होती. पावसाळ्यात पाणी साचून ती घट्ट होई, उन्हाळ्यात भेगाळे. आधी त्यांनी पाण्याला वाट काढून दिली. मजुरांच्या कामाचे तास कमी केले, मजुरी वेळेवर मिळेल, राहायला नीट जागा आणि औषधपाणी मिळेल अशी व्यवस्था केली. थकलेल्या माणसाकडून जिवंत माती घडत नाही असे त्यांचे मत होते, आणि कंपोस्टवरच्या लिखाणातही मजुरांचा विषय त्यांनी वगळला नाही.

मग आले ते खत. शेतकऱ्याकडे शेण होते, पण त्यातले बरेचसे गोवऱ्या होऊन चुलीत जात असे. गोमूत्र तर गोठ्याच्या जमिनीत जिरून वाया जाई. दुसरीकडे पऱ्हाट्या, तुरकाट्या, तण, पालापाचोळा यांचे ढीग पडून राहत. चीनमधील शेतकरी हजारो वर्षे कचरा कुजवून जमिनीला परत देत आले आहेत, हे हॉवर्ड यांनी एफ. एच. किंग या अमेरिकन अभ्यासकाच्या १९११ च्या पुस्तकात वाचले होते. भारतीय गोठा, चिनी परंपरा आणि आपली प्रयोगशाळा या तिघांना त्यांनी एका खड्ड्यात एकत्र आणले. रसायनाची बाजू सांभाळली यशवंत वाड यांनी. १९३१ साली या पद्धतीवर जे पहिले पुस्तक आले, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावे आहेत. मराठी वाचकाला हे दुसरे नाव ओळखीचे वाटेल. पण ‘इंदूर पद्धत’ म्हटले की जगाला एकच नाव आठवते.

पद्धत अशी. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि ३ फूट खोल, बाजू उतरत्या. खोली याहून जास्त ठेवायची नाही, कारण हवा दीड ते दोन फुटांच्या खाली आपोआप पोहोचत नाही. म्हणून दर चार फुटांवर पहारीने उभी भोके पाडायची. तळाशी पालापाचोळ्याचा सहा इंचांचा थर, त्यावर शेणाचा आणि गोठ्यातील ओल्या काडीकचऱ्याचा दोन इंचांचा थर, त्यावर गोमूत्र मुरलेली माती आणि थोडी लाकडाची राख. मग पुन्हा पालापाचोळा. पऱ्हाट्यांसारखे कडक लाकूड आधी रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरायचे. प्रमाण साधारण असे की तीन ते चार भाग वनस्पतींचा कचरा आणि एक भाग जनावरांचा. ओल पिळून घेतलेल्या फडक्याइतकी. काही दिवसांत आतली उष्णता ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. दोनतीन आठवड्यांनी पहिली पालटणी, त्यानंतर तीन आठवड्यांनी दुसरी. आधी बुरशी काम करते, मग जिवाणू. तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, ओल्या मातीसारखा वास असलेला पदार्थ तयार होतो. मुसळधार पावसात खड्ड्यात पाणी भरते आणि हवा कोंडून सगळे सडते, म्हणून पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग करायचा. एका बैलजोडीमागे वर्षाला सुमारे ५० गाड्या खत मिळे.

या पदार्थाला ते ह्युमस म्हणत. या शब्दासाठी मी मराठी शब्द बराच शोधला. ‘कुजलेला सेंद्रिय अंश’ असे लिहिले तर वाचणारा नाक मुरडेल, आणि ह्युमसला तर सुगंध असतो. म्हणून शब्द तसाच ठेवला.

घरी एवढा खड्डा कोणी खणणार नाही. पण नियम तोच आहे. भोके पाडलेली बादली किंवा मातीचे मडके घ्या. तळाशी सुकी पाने. मग भाजीची देठे, साली, चहाचा चोथा. त्यावर पुन्हा त्याहून जास्त सुकी पाने आणि मूठभर जुने खत किंवा शेणकाला. आठवड्यातून एकदा खालवर करा. दुर्गंधी आली तर हवा कमी आहे किंवा ओल जास्त आहे, सुकी पाने घालून हलवा. उष्णता मोठ्या ढिगाइतकी चढणार नाही, म्हणून वेळ जरा जास्त लागेल. तयार खत कुंडीच्या वरच्या थरात मिसळा आणि वरून पाने पसरून माती झाकून ठेवा.

मी वाणिज्य शाखेत शिकते, त्यामुळे हॉवर्ड यांचा सर्वांत आवडता विचार मला हिशेबाच्या भाषेत पटकन समजला. यंत्राची झीज होते, म्हणून आपण दरवर्षी नफ्यातून घसारा वजा करतो. तसे केले नाही तर कागदावर नफा फुगलेला दिसतो, पण प्रत्यक्षात भांडवल खाल्ले जात असते. हॉवर्ड यांचे म्हणणे असे की पीक काढून नेणे आणि जमिनीला काही परत न देणे हा असाच खोटा नफा आहे. जमिनीतून आलेले सर्व काही, माणसाच्या आणि जनावरांच्या मलमूत्रासह, जमिनीकडे परत गेले पाहिजे. याला त्यांनी परतफेडीचा नियम मानले.

शेवटची वर्षे

ऑगस्ट १९३० मध्ये जिनिव्हा येथे गॅब्रिएल यांचे निधन झाले. निवृत्ती अगदी जवळ आली होती. इंदूरच्या कामाचे फळ त्यांनी पाहिले, पण त्या पद्धतीचे पुस्तक छापून आलेले त्यांना पाहता आले नाही. पुढच्या वर्षी हॉवर्ड यांनी भारत सोडला. १९३१ मध्येच गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईस यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि लुईस पुढे त्यांच्या लेखनातील साथीदार झाल्या. १९३४ साली हॉवर्ड यांना सर ही पदवी मिळाली. तो सन्मान अर्धा गॅब्रिएल यांचा होता असे मला वाटते.

१९३५ मध्ये महात्मा गांधी इंदूरला आले असताना त्यांनी ही संस्था पाहिली आणि कंपोस्टची पद्धत समजून घेतली. हॉवर्ड तोपर्यंत इंग्लंडला गेले होते. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ते परत आले ते चहाचे मळे पाहायला. चहाच्या मुळांवर एक बुरशी राहते, ती मुळांना अन्न मिळवून देते आणि मुळे तिला साखर देतात. ह्युमस भरपूर असेल तेथे ही मैत्री फुलते, असे त्यांचे निरीक्षण होते. तरुणपणी ज्या बुरशीकडे त्यांनी फक्त रोग म्हणून पाहिले होते, ती आता त्यांना झाडाची सखी म्हणून भेटली.

लंडनमधील ब्लॅकहीथ येथे त्यांनी १९३४ मध्ये एक घर घेतले. बाग अगदी निकस होती. सफरचंदाच्या झाडांवर मावा, लोकरी मावा आणि अळ्या. जगभर व्याख्याने देणाऱ्या या कृषितज्ज्ञाने कोणतेही औषध मारले नाही. घरच्या कचऱ्याचे कंपोस्ट करून घालत राहिले. सुमारे तीन वर्षांत झाडे सावरली आणि कीड जवळजवळ नाहीशी झाली, असे त्यांनी नोंदवले आहे. तीन वर्षे हा आकडा लक्षात ठेवा. आपण बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात धीर सोडतो.

१९४० साली त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक ‘अॅन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ आले. रासायनिक खतांवर त्यांनी त्यात कठोर टीका केली. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी ते वाचून स्वतः शेती सुरू केली आणि १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचे मासिक काढले. इंग्लंडमध्ये अनेक शास्त्रज्ञ मात्र त्यांच्यावर तुटून पडले. त्यांचा एक आक्षेप रास्त होता. माती निरोगी असली की पीक, जनावर आणि माणूस यांचे जवळजवळ सर्व रोग टळतात, असे हॉवर्ड आयुष्याच्या अखेरीस म्हणू लागले होते आणि तेवढा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता. चांगल्या मातीतही तांबेरा येतो, निरोगी वेलीवरही फळमाशी बसते. पण मातीत जिवंत सृष्टी आहे, तिला खायला घालावे लागते आणि तिचे आरोग्य झाडापर्यंत पोहोचते, हे त्यांचे मूळ म्हणणे आज कोणताही मृदाशास्त्रज्ञ नाकारत नाही.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी ब्लॅकहीथ येथे त्यांचे निधन झाले. भारत स्वतंत्र होऊन दोन महिने झाले होते. लुईस यांनी त्यांच्या भारतातील कामाची हकीकत लिहून १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. इंदूरच्या त्या जागेवर आता कृषी महाविद्यालय आहे.